सोलापूरकर, कुठली वेब सिरीज बघताय? (अनुभव धागा)

एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे घराबाहेर पाय टाकवत नाही, मग घरोघरी सिरीज सुरू होतात. नुसती नावं नकोत. कुणासोबत बघितली, काय आवडलं, काय खटकलं, तेही लिहा. शेवट फोडू नका.

पूर्व भागातून

आमची आई विड्या वळते. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपून दोरा बांधायचा. नजर हातावर असते, त्यामुळे ती सिरीज बघत नाही, ऐकते. मारधाडीच्या सिरीजमध्ये तिला नुसता दणदणाट ऐकू येतो. तिला रुचली ती 'पंचायत'. फुलेराचं ग्रामपंचायत ऑफिस, सचिवजी, प्रधानजी, सगळं बोलण्यातूनच उभं राहतं. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांची नवरा-बायकोची कुरबुर लागली की तिचा हात क्षणभर थांबतो.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. २०२५ मध्ये 'पंचायत'वरूनच केलेली तेलुगू 'सिवरापल्ली' आली, ती लावली तर आई आमच्या आधी हसायला लागली. हिंदीत निम्मं समजावून सांगावं लागायचं. घरात तेलुगू असेल तर मोठ्यांना आधी तीच दाखवा. 'पंचायत'चा चौथा सीझन मात्र निवडणुकीतच अडकून पडला, पहिल्या दोनची सर त्याला नाही.

रेल्वे लाइन्सजवळून

माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. मुलानं आग्रहानं 'द रेल्वे मेन' लावून दिली. चारच भाग आहेत, २०२३ ची सिरीज. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात वायुगळती झाली तेव्हा स्टेशनवरच्या माणसांनी काय केलं, त्यावर बेतलेली. के. के. मेनननं स्टेशन मास्तर फार संयमानं उभा केलाय. समोर माणसं कोसळताहेत, पुढच्या स्टेशनशी संपर्क तुटलाय आणि गाडी तर येतेच आहे. रात्रपाळी केलेल्या माणसाला त्या गाडीची धास्ती वेगळीच कळते. त्यातला दरोडेखोर नसता तरी चाललं असतं. मूळ घटनाच इतकी भयानक आहे की तिला वरून मसाला लागत नाही. रेल्वेतल्या प्रत्येकानं घरच्यांना सोबत घेऊन बघावी.

नव्या पेठेतून

दुकान बंद करून जेवल्यावर आम्ही बापलेक रोज एक भाग बघायचो, 'स्कॅम १९९२'. दहा भाग. हर्षद मेहतानं बँकांचा पैसा शेअर बाजारात कसा वळवला, बँक रिसीट म्हणजे काय, हे व्यापाऱ्यालाच काय, कॉलेजच्या पोरालाही कळेल असं मांडलंय. प्रतीक गांधीचं काम बघाच की! भाग संपला की आमच्या दोघांचं हिशेबावर बोलणं व्हायचं. एरवी पोरगा दुकानाचा विषय काढू देत नाही.

जुळे सोलापूरहून

मराठीत काय आहे असं विचारणाऱ्यांना 'मानवत मर्डर्स' सांगेन. सत्तरच्या दशकातलं परभणी जिल्ह्यातलं खरं प्रकरण, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी म्हणजे आशुतोष गोवारीकर. मकरंद अनासपुरेला आपण विनोदासाठी ओळखतो, इथं त्याला बघून अंगावर काटा येतो. लहान मुलं घरात असतील तर नको.

होटगी रोडवरून

मी मुलीबरोबर 'दिल्ली क्राईम'चा पहिला सीझन बघितला, २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरचा. त्याला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, पण मला जास्त मोलाचं वाटलं ते हे की मूळ अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. सगळा भर तपासावर, गाडी नाही, निधी नाही अशा अवस्थेत पळणाऱ्या पोलिसांवर. शेफाली शाहचा थकलेला चेहरा बरंच सांगून जातो. मुलगी शिकायला पुण्याला निघाली होती, आणि एरवी तोंडावर न येणारे विषय आम्ही त्या आठवड्यात मोकळेपणानं बोललो. वयात आलेल्या मुलींच्या आयांनी, आणि मुलांच्या आयांनी तर नक्कीच, सोबत बसून बघावी.