एकसंध डोळ्यांचं साळिंदर खऱ्या ओट्यावर कसं बसवायचं?

काजळकडा:
१२ मिनिटांच्या बालपटात एक कार्टून साळिंदर खऱ्या माणसांबरोबर दाखवायचं आहे. कागदावरचं पात्र असं: उंची ४५ सेंमी, त्यात निम्मं डोकंच. दोन्ही डोळे मिळून एकच पांढरा आकार आणि त्यात दोन बाहुल्या. जांभळं अंग, पांढरे हातमोजे, तोंड कायम एका गालावर. चित्रीकरण कोकणातल्या कौलारू घरात, बहुतेक पडवीत आणि ओट्यावर. ३८ शॉट, ब्लेंडर (त्रिमितीय ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर), काम करणारे दोघं. मॉडेल चित्राबरहुकूम केलं की प्लास्टिकचं खेळणं दिसतं. खऱ्या साळिंदराकडे झुकवलं की ओळखू येत नाही, आणि डोळे सुटे केले तर चक्क भीती वाटते. काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

रेघोट्या:
आकार राहू द्या, पदार्थ बदला. सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या निळ्या हेजहॉगवरच्या चित्रपटाची फजिती नेमकी उलट केल्यामुळे झाली होती. एप्रिल २०१९च्या ट्रेलरमध्ये निळा रंग तसाच ठेवून डोळे लहान आणि सुटे केले, तोंडात माणसासारखे दात बसवले, हातमोजे काढून पांढरी लव दिली. प्रमाणं खऱ्या शरीराच्या जवळ गेली की बघणारा ती खऱ्या शरीराशी ताडून बघायला लागतो, आणि मग उरलेली प्रत्येक कार्टूनी गोष्ट त्याला बिघाड वाटते. प्रेक्षकांनी यथेच्छ धुतल्यावर प्रदर्शन नोव्हेंबरवरून १४ फेब्रुवारी २०२० वर गेलं आणि टायसन हेस यांच्या नेतृत्वाखाली पात्र नव्याने घडवलं गेलं. डोळे मोठे झाले, हातमोजे परत आले. पण तेव्हाही गेमची हुबेहूब नक्कल केली नाही. डोळ्यांच्या मध्ये लवेची अरुंद पट्टी राहिली, आणि गेममध्ये त्वचेच्या रंगाचे असलेले हात निळेच ठेवले. मे २०१९मध्ये आलेल्या ‘डिटेक्टिव्ह पिकाचू’ चित्रपटातल्या पिकाचूचा गोल आकार मात्र फारसा न बदलता त्यावर लव चढवली होती.

तुमच्या डोळ्यांबद्दल. २२ सेंमीच्या डोक्यात एवढे मोठे दोन गोल बसवले तर ते आत एकमेकांत घुसणार आणि फिरवताना पापणीतून बाहेर येणार. म्हणून गोल नकोच. एकच वक्र कवच करा आणि बुबुळ त्याच्या पृष्ठभागावरून सरकवा. मध्ये वरून खाली येणारी ६–८ मिमी रुंदीची लवेची पट्टी द्या, पण ती अर्ध्यावरच संपवा. लांबून डोळा एकसंध दिसतो, क्लोजअपमध्ये दोन दिसतात.

पापणीला २–३ मिमी जाडी हवीच. जाडी नसली की कागद चिकटवल्यासारखं दिसतं. खालच्या पापणीच्या काठाला ओली रेघ, वरच्या पापणीची पांढऱ्यावर सावली. पांढरा रंग १.० (म्हणजे पडलेला सगळा प्रकाश परत फेकणारा) कधीच ठेवू नका. ताज्या बर्फाची परावर्तकता साधारण ०.८ ते ०.९ असते, तेव्हा डोळा त्याहून उजळ झाला की ट्यूबलाइट लावल्यासारखा दिसणार. ०.६च्या आसपास, जरासा पिवळट-गुलाबी ठेवा. बुबुळावर फुगीर पारदर्शक कवच वेगळं, अपवर्तनांक १.३७६, म्हणजे चमक बुबुळापासून सुटी हलते. जिवंतपणा बराचसा तिथेच असतो.

तोंड एका गालावर असणं ही कागदावरची लबाडी आहे, पण पात्राची ओळखही तीच आहे, तेव्हा सोडू नका. दोन्ही गालांवर वेगवेगळी तोंडं रिग करा (हलवता येतील अशी जोडा) आणि मान वळताना, डोळा मिटलेल्या २–३ फ्रेममध्ये अदलाबदल करा. चेहऱ्याच्या मधून सरकवत नेलंत तर गोगलगाय दिसेल. आणि दात एकेक सुटे नकोत, वर एक सलग पट्टी पुरे.

लवलव:
वरच्या प्रतिसादाला +१. लवेबद्दल माझी भर.

खेळणं वाटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे केसाची जाडी. पात्र किती मोठं आहे हे डोळा केसावरून ठरवतो. सीनमधलं माप खरं ठेवा (४५ सेंमी म्हणजे ०.४५ मीटर) आणि केस ०.०५ ते ०.०८ मिमीचा. रेंडर (संगणकाने अंतिम चित्र काढणं) हलका व्हावा म्हणून केस कमी करून जाड केले की तेच पात्र १० सेंमीच्या कीचेनसारखं दिसतं. अंगावर १५–२० मिमी लांबी, चेहऱ्यावर ३–४ मिमी. चेहऱ्यावर लांब केस ठेवले तर हावभाव त्यात बुडतात.

जांभळ्याचं अवघड आहे, कारण जांभळी लव कुणी खऱ्या प्राण्यावर पाहिलेली नाही. मुळाशी गडद आणि टोकाला फिकट करा, केसाकेसात १०–१५ टक्के फरक ठेवा, आणि रंगाचा कुठलाही चॅनल (लाल, हिरवा, निळा) ०.०४च्या खाली नेऊ नका. कोळसासुद्धा साधारण तेवढा प्रकाश परत फेकतो.

काटे हेअर पार्टिकलने (ब्लेंडरमधली केस उगवायची सोय) करू नका. १५०–२०० सुटे मेश (त्रिमितीय आकार) करा, गुळगुळीत, रफनेस (खरखरीतपणा) ०.३च्या आसपास. आपल्याकडच्या साळिंदराच्या काट्यावर गडद आणि पांढरे पट्टे एकाआड एक असतात. ते तसेच ठेवून फक्त गडद पट्टे जांभळे करा. एवढ्या एका गोष्टीने पात्राला खऱ्या जगात जागा मिळते. रिग ओळींनी करा, ७–८ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीनंतर १–२ फ्रेमनी उठेल अशी. साळिंदर घाबरलं की काटे फुलवतंच, त्यामुळे भुवया नसलेल्या चेहऱ्याचा निम्मा अभिनय काटे करतील.

काजळकडा:
दोघांचेही आभार. आणखी दोन अडचणी. चालताना ते तरंगल्यासारखं दिसतं. आणि आजी त्याला कुशीत घेते असे ४ शॉट आहेत.

प्लेटवाला:
तरंगतं कारण तुम्ही त्याला माणसाच्या लयीत चालवताय. पाय लंबकासारखा झुलतो, आणि लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. माणसाचा पाय ९० सेंमी, याचा १०. म्हणजे ९ पट आखूड, पावलं ३ पट जलद. माणूस २४ फ्रेमच्या सेकंदात साधारण २ पावलं टाकतो, म्हणजे १२ फ्रेमला एक. याचं पाऊल ४ फ्रेमचं हवं. डोकं जड आहे, म्हणून प्रत्येक पावलाला ते ज्या पायावर भार त्या बाजूला किंचित कलू द्या. मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) १/४८ सेकंदाचा.

आता पावलाची लांबी ८ सेंमी धरली तर वेग सेकंदाला ४८ सेंमी. माणूस त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने चालतो. शेजारीशेजारी गप्पा मारत चालण्याचा शॉट असेल तर आत्ताच काढून टाका. पिकाचू खांद्यावर बसतो तो काही उगाच नाही. तसं केल्याने दोघांची तोंडं एका फ्रेममध्येही येतात. तुमच्याकडे ओटा आहेच. साळिंदर ओट्यावर, माणूस खाली अंगणात.

प्रकाशासाठी प्रत्येक जागी क्रोम गोळा आणि करडा गोळा ठेवून फोटो घ्या, आणि एचडीआरआय, म्हणजे आजूबाजूचा सगळा उजेड नोंदवणारा फोटो (७ एक्स्पोजर, २ स्टॉपच्या अंतराने). पात्र जिथे उभं राहणार तिथेच, ४५ सेंमीच्या आत. माणसाच्या उंचीवरून घेतलात तर जमिनीवरून येणारा उजेड चुकतो, आणि जांभ्याचा लाल उजेडच तर त्या पांढऱ्या मोज्यांवर दिसायला हवा. मोजे स्वच्छ पांढरे राहिले की पात्र वरून चिकटवलेलं वाटणार. नटांच्या नजरेसाठी काठीवर एक चेंडू पुरत नाही. दोन ठिपके लावा, नाहीतर कुठल्या डोळ्याकडे बघायचं ते ठरत नाही.

बाहुलीघर:
कुशीचे ४ शॉट संगणकावर करायच्या फंदात पडू नका. लवेत रुतलेली बोटं दोघांच्या टीमला झेपणार नाहीत. खरं धड शिवा, फक्त डोकं डिजिटल ठेवा. आत फोम, पोटाशी साधारण दीड किलो वाळूची पिशवी, म्हणजे आजींचे हात खरोखर वजनाने खाली येतील. सॉफ्ट टॉयवाल्यांकडची १५–२० मिमीची लव घ्या आणि पाठीमागून ब्लेडने फक्त कापडच कापा. कात्रीने केस तुटतात आणि शिवण उघडी पडते. लवेचा कल सगळ्या तुकड्यांवर वरून खाली. शिवल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर काढून विंचरा.

आणि हे धड आधी शिवा, डिजिटल लवेचा रंग नंतर त्यावरून जुळवा. उलट केलंत तर त्या छटेचं कापड बाजारात शोधत हिंडावं लागेल.