स्नायू वाढवायला जड वजनच लागतं, हा हट्ट सोडायला हवा

पारिजात
जिममध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं, की आठ-दहा रेप्समध्ये (एकदा वजन उचलून खाली आणलं की एक रेप) दम निघेल एवढं वजन घ्या, नाहीतर काही होणार नाही. हे ऐकून किती जण, त्यातही किती बायका, परत फिरकत नाहीत! म्हणून हा धागा.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला २०१२ चा प्रयोग बघा. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांनी १० आठवडे मशीनवर पायाचा व्यायाम केला. एकदाच जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या (वन-रेप मॅक्स) ८० टक्के वजन काहींना दिलं, काहींना फक्त ३० टक्के. अट एकच, आता उचलवत नाही इथपर्यंत जायचं. तीन-तीन सेट (न थांबता सलग केलेल्या रेप्स म्हणजे एक सेट) करणाऱ्या दोन्ही गटांच्या मांड्या जवळपास सारख्याच भरल्या. तिथेच २०१६ मध्ये आधीपासून व्यायाम करणाऱ्या ४९ पुरुषांवर १२ आठवडे प्रयोग झाला. २०-२५ रेप्स करणारे आणि ८-१२ रेप्स करणारे, दोघांची स्नायूवाढ सारखीच. मग हट्ट कशासाठी?

दगडफूल
पारिजात, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच २०१२ च्या प्रयोगात एकदाच कमाल वजन उचलायची ताकद ८० टक्केवाल्यांचीच जास्त वाढली. २०१६ च्या प्रयोगातही बेंच प्रेसमध्ये (पाठीवर झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) जड वजनवाले पुढे होते. स्नायूचा आकार आणि त्याची ताकद या सख्ख्या बहिणी असतील, पण एकच नव्हेत.

सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची शिकवणी असते, हे १९७९ पासून माहीत आहे. जड वजन उचलणं हे कौशल्य आहे आणि ते जड वजन उचलूनच येतं. माझ्या वडिलांना जमिनीवरून आधाराशिवाय उठता यावं असं मला वाटतं. त्यासाठी मला त्यांच्या पायात ताकद हवी, मांडीचा घेर नको.

पारिजात
ताकदीचं मान्य. पण मी शीर्षकात ‘स्नायू वाढवायला’ असंच लिहिलंय. बहुतेक लोक त्याचसाठी जिममध्ये येतात.

दगडफूल
मग स्नायूंचंच बोलू. तुमची ‘उचलवत नाही इथपर्यंत’ ही अट कागदावर एका ओळीची आहे. प्रत्यक्षात पंचविसाव्या रेपला मांडीत आग पेटते, आणि बहुतेक माणसं पंधराव्यालाच डंबेल खाली ठेवतात, झालं असं समजून. तीस रेप्सचे स्क्वॉट्स करून पाहा, पाय थकायच्या आधी श्वास संपतो. हलकं वजन सोपं असतं हाच मोठा गैरसमज आहे आणि तुमच्या धाग्याने तो आणखी पसरेल.

तिसरा प्रहर
मी ५२ वर्षांचा. पूर्वी एका जिममधल्या ट्रेनरने तिसऱ्याच आठवड्यात खांद्याच्या व्यायामाचं वजन जवळपास दुप्पट केलं. पुढचे चार महिने शर्ट घालताना बायकोची मदत लागायची. आता मी हलक्या वजनावर सावकाश, थकेपर्यंत करतो. खांदा दुखत नाही आणि दंड पूर्वीपेक्षा भरलेत. दगडफूल, जड वजनाची किंमत कोण मोजतं, हेही लिहा ना.

दगडफूल
काका, वाईट वाटलं वाचून. पण तुमचा खांदा जड वजनाने गेला नाही, उडीने गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशींमध्ये स्पष्ट आहे: ठरलेल्या संख्येपेक्षा एक-दोन रेप्स जास्त जमायला लागल्या, की मग २ ते १० टक्के वजन वाढवा. दुप्पट करा असं कुणीच म्हणत नाही. नवख्याला तर तिथेही ८-१२ रेप्स जमतील एवढंच वजन सांगितलंय. माझ्या मते दोष त्या ट्रेनरच्या घाईचा आहे.

पारिजात
‘पंधराव्याला थांबतात’ हा मुद्दा मला पटला, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. शरीर आधी स्नायूतले लहान तंतू कामाला लावतं. ते थकले, भार पेलेना, की मोठ्यांना बोलावतं. वाढायची कुवत जास्त ती याच मोठ्या तंतूंची. जड वजनाला ते पहिल्या रेपपासून हजर असतात, हलक्याला शेवटच्या चार-पाचात. म्हणजे मध्येच थांबणारा नेमका कामाचा भाग टाकून जातो. खूण अशी: पूर्ण जोर लावूनही रेपचा वेग आपोआप मंदावला पाहिजे.

खालची मर्यादाही आहे. २०१८ च्या एका ब्राझिलियन प्रयोगात ४०, ६० आणि ८० टक्के वजनावर स्नायू सारखे वाढले, २० टक्क्यांवर मात्र कमी. तेव्हा गुलाबी रंगाची अर्ध्या किलोची डंबेल्स बायकांच्या हातात देणं बंद करा, हेही मी तितक्याच जोराने म्हणेन.

उंबरठा
तुम्ही दोघं वजनावर भांडताय आणि सेट कुणी मोजतच नाही. अनेक प्रयोगांच्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात एकेका स्नायूला आठवड्यात १० किंवा जास्त सेट देणाऱ्यांची वाढ कमी सेटवाल्यांपेक्षा जास्त दिसली. सोमवारी छातीचे तीन सेट मारून पुढच्या सोमवारपर्यंत विसरणाऱ्याने ३० टक्के घेतले काय नि ८० टक्के घेतले काय!

दगडफूल
उंबरठा, बरोबर. आणि हाच हिशोब पारिजातच्या विरुद्ध जातो. २५ रेप्सचे दहा सेट म्हणजे २५०, आठचे दहा म्हणजे ८०. नोकरी, घर सांभाळून आठवड्यात दोनदा येणाऱ्याला कुठलं झेपेल?

पारिजात
ज्याचे सांधे धड आहेत आणि हात बसलाय, त्याला आठ रेप्सवालं. तिथे मी मागे येते. पण पहिले तीन महिने मी कुणालाही १५-२० रेप्सवरच ठेवेन.

दगडफूल
मी तीन आठवडे ठेवेन. त्यानंतर वजन वाढवायला लावेन, दोन-दोन टक्क्यांनी का होईना.

तिसरा प्रहर
मला तीन महिनेवाला ट्रेनर मिळाला असता तर बरं झालं असतं.