एनएफएल ड्राफ्ट: डिफेन्सिव्ह टॅकलने जानेवारी ते एप्रिल नेमकं काय करावं?

सातवी_फेरी:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्यासाठी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा एक डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या आतल्या फळीतला खेळाडू) डोळ्यासमोर धरा. मोठ्या कॉन्फरन्समधला (कॉलेज संघांच्या गटातला) आहे, पण पहिल्या-दुसऱ्या फेरीतला नाही. चौथी ते सातवी फेरी, नाहीतर ड्राफ्टमध्ये नावच नाही, असा एकूण अंदाज. उंची ६ फूट २ इंच, वजन ३०२ पाउंड, हातांची लांबी ३२ १/२ इंच. बहुतेक स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारे डाव) थ्री-टेक्निकवर, म्हणजे गार्डच्या (समोरच्या आक्रमक फळीत मधल्या सेंटरशेजारी असतो त्याच्या) बाहेरच्या खांद्यावर. श्राइन बोलचं (ड्राफ्टला निघालेल्या निवडक खेळाडूंचा सराव आणि सामना) आमंत्रण आलंय, इंडियानापोलिसच्या कंबाइनचं (सगळ्या संघांसमोरच्या चाचण्या, तपासण्या, मुलाखती) अजून नाही.

चाचण्यांवर (४० यार्ड धाव, बेंच प्रेस, आणि थ्री-कोन म्हणजे तीन शंकूंभोवतीची वळणांची धाव) किती वेळ घालवावा आणि प्रत्यक्ष खेळावर किती? पळण्यासाठी वजन उतरवावं का? आणि हात आखूड आहेत त्याचं काय करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "मेहनत करावी, झोप घ्यावी" छापाचे सल्ले कृपया नकोत.

ए_गॅप:
हातांपासून सुरुवात करू, कारण तिथे करण्यासारखं काहीच नाही. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जे भरेल ते भरेल. ३३ इंचांखाली आकडा गेला की काही संघ नाक मुरडतात, आणि ते उगाच नाही. समोरच्या गार्डचे हात ३४ इंच असतील तर त्याचा तळवा आधी छातीवर पोचतो आणि मग टॅकलची सगळी ताकद तो तळवा काढण्यात जाते. ॲरन डोनाल्डचे हात ३२ ५/८ इंच आणि वजन २८५ पाउंड होतं, तरी २०१४ मध्ये सेंट लुइस रॅम्सने त्याला तेराव्या क्रमांकावर उचललं. पण तो ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला होता आणि थ्री-कोन त्याने ७.११ मध्ये पूर्ण केली होती. हे सोडून नुसतं "डोनाल्डचेही हात आखूडच होते" म्हणण्यात अर्थ नाही. आखूड हातांची भरपाई स्नॅपनंतरच्या पहिल्या दोन पावलांत करावी लागते.

म्हणून ४० यार्डांतले पहिले १० यार्ड हाच खरा आकडा. सामन्यात टॅकल सलग ४० यार्ड पळण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. या वजनाला एकूण वेळ ५.० ते ५.१ सेकंद आली तरी चालते, पण पहिले १० यार्ड १.७५ च्या आत बसवायचा प्रयत्न हवा.

स्टान्स: पुढचा पाय रेषेच्या मागे स्वतःच्या बुटाच्या दीड ते दोन लांबी, मागचा पाय त्याच्याही मागे साधारण एक लांबी. पुढे डावा पाय असेल तर जमिनीवर उजवा हात. कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर. वजन पुढे इतकं की हात उचलला तर तोल जाईल. पहिलं पाऊल लांब टाकायचं नाही. पाय जमिनीला मागे ढकलतोय असं वाटलं पाहिजे. डिफेन्सिव्ह लाइनमनची ठरलेली चूक म्हणजे मान. वर्षानुवर्षं बॉलकडे बघून सुटायची सवय असते, त्यामुळे मान वर राहते. मान वर राहिली की कंबर खाली बसते आणि तिसऱ्या पावलाला माणूस उभा होतो. पहिले १० यार्ड नजर जमिनीवरच ठेवायची.

दुसरा धोका हॅमस्ट्रिंगचा. अख्खा सीझन ५-७ यार्डांच्या झेपा घेतलेला १३७ किलोचा माणूस जानेवारीत अचानक पूर्ण वेगाने पळू लागला की मांडी धरते. पहिले दोन आठवडे फक्त १० यार्ड आणि स्लेड (वजनाची घसरगाडी). तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २० यार्ड. पूर्ण ४० पाचव्या आठवड्याआधी नको. एका दिवशी तीन-चार धावा पुरे, आणि दोन वेगाच्या दिवसांत किमान ४८ तास.

बेंच २२५ पाउंड, म्हणजे १०२ किलो. इथे सगळ्यात जास्त वजन किती उचलतो याला महत्त्व नाही, किती वेळा उचलतो ते मोजतात. आठवड्यातून एक दिवस २२५ वर जास्तीत जास्त रेप (उचली), दुसरा दिवस त्याहून जड वजनाचे छोटे सेट. कोपर पूर्ण सरळ झालं नाही तर रेप धरत नाहीत, आणि थकल्यावर नेमकं तेच होतं. सरावात मोजणारा माणूस कडक हवा. आखूड हातांचा एकमेव फायदा इथेच आहे, बारला अंतर कमी पडतं. तो घ्यावा.

पॅड_लेव्हल:
वरच्या तांत्रिक भागाशी सहमत, पण वेळेच्या वाटणीवर कुणीच बोललं नाही. व्हर्नन घोल्स्टनने कंबाइनमध्ये ३७ रेप मारले, २००८ मध्ये जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच्या एनएफएल कारकिर्दीत एकही सॅक (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं) नाही. चाचण्यांनी नंबर मिळतो, नोकरी टिकत नाही.

श्राइन बोलचं आमंत्रण असेल तर जानेवारीचे पहिले तीन आठवडे हातांच्या कामाचे. तिथे सामन्यापेक्षा सराव महत्त्वाचा. बरेच स्काउट (संघांसाठी खेळाडू पारखणारे) सामन्याआधीच निघून जातात. वन-ऑन-वन पास रशमध्ये (एकास एक, क्वार्टरबॅककडे धाव) लाइनमनला मोजक्याच संधी मिळतात आणि त्या सगळ्या रेकॉर्ड होतात. त्या सरावाची रचना टॅकलच्या बाजूची असते: गार्डच्या मदतीला सेंटर नाही, रन प्लेची (बॉल घेऊन पळण्याच्या डावाची) शंका नाही. त्यामुळे तिथे जिंकणं अपेक्षितच धरतात, आणि हरलं तर ठसठशीत दिसतं.

आखूड हातांच्या माणसाने बुल रश (सरळ छातीवर ढकलत जाणं) पहिल्या संधीला वापरू नये. गार्डचे हात आधी पोचतात आणि रश तिथेच मरतो. क्रॉस-चॉप किंवा क्लब-रिप घ्यावा: आधी गार्डचा जवळचा हात मनगटापाशी तोडायचा, मग त्याच्या काखेखालून रिप, आणि त्याच क्षणी कंबर क्वार्टरबॅककडे वळवायची. कंबर वळली नाही की खेळाडू गार्डला मागे टाकूनही बाजूला वाहत जातो. टेपवर (खेळाच्या व्हिडिओत) सर्वाधिक दिसणारी चूक हीच. एक मुख्य मूव्ह, ती अडली तर एक काउंटर, एवढं पक्कं करावं. पाच अर्धवट मूव्ह घेऊन गेलेले तिथे उघडे पडतात.

रनच्या बाजूला डबल टीम. थ्री-टेक्निकवर गार्ड आणि आक्रमक फळीतला टॅकल मिळून येतात तेव्हा बाहेरून येणाऱ्या त्या टॅकलकडची कंबर आत टाकायची, त्या बाजूचा गुडघा जवळजवळ जमिनीला लावायचा आणि जागा सोडायची नाही. मागे सरकून प्ले वाचला तरी स्काउट "डबलवर हलतो" असंच लिहितो.

वजनाबद्दल: ३०२ वरून २९५-२९६ पर्यंत, आठवड्याला दीड-दोन पाउंड या गतीने, तेही चरबीचं. त्याखाली नको. २८८ ला पळून १० यार्डांत काही शतांश मिळतील, पण मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, "खेळणार किती वजनाला?" आणि मग रनविरुद्ध टिकेल का ही शंका कायमची चिकटते. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून वजन उतरवणं हा शुद्ध मूर्खपणा; सकाळी मोजमाप, नंतर धावणं, आणि पोटरीत गोळा आला की सगळंच गेलं.

(अवांतर: जॉर्डन डेव्हिस २०२२ मध्ये ३४१ पाउंडांना ४.७८ पळाला. त्याचं उदाहरण कुणी कुणाला देऊ नये.)

ए_गॅप:
घोल्स्टनचा दाखला नेहमीचा झाला. उलट्या बाजूचं बघा: शेमार स्टीवर्टचे टेक्सस ए अँड एममध्ये तीन सीझन मिळून साडेचार सॅक, पण २६७ पाउंडांना ४.५९ पळाला आणि २०२५ मध्ये बेंगल्सने सतराव्या क्रमांकावर घेतला. संघ आकड्यांना पैसे देतात. तो एज (फळीच्या टोकावरचा) होता, टॅकल नव्हे, हे मान्य. पण ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी (चौथी ते सातवी फेरी) दोन सारख्या टेपच्या खेळाडूंतून एक निवडताना आकडेच बघतात. वाटणी माझ्या मते श्राइन बोलपर्यंत खेळ ६०, चाचण्या ४०. त्यानंतर प्रो डेपर्यंत (कॉलेजातच स्काउटांसमोर होणाऱ्या चाचण्या) उलट.

सातवी_फेरी:
दोघांचेही आभार. वाटणी पटली. आता समजा कंबाइनचं आमंत्रण आलंच नाही, तर? आणि मुलाखतीत खरोखर काय विचारतात?

फळा_आणि_खडू:
आमंत्रणं सव्वातीनशेच्या आसपास असतात आणि निवडी सात फेऱ्या मिळून अडीचशेहून थोड्या जास्त. तरीही आमंत्रण नसलेले काही खेळाडू दरवर्षी निवडले जातात. मार्चमधला कॉलेजचा प्रो डे हेच मग कंबाइन. तिथे वेळ स्काउट स्वतःच्या हातातल्या घड्याळावर घेतात. ओळखीचं मैदान, ओळखीचे बूट, आणि तयारीला तीन-चार आठवडे जास्त, हा फायदाच. थ्री-कोन तिथे नक्की करावी, टाळू नये. टाळली की लोक वाईटच धरतात. त्यात वेळ जातो तो तिसऱ्या कोनभोवती. रुंद वळसा घातला की संपलं. आतला खांदा कोनवर झुकवून, लहान पावलांनी वळायचं. ७.६ च्या आत आली तर टॅकलसाठी चांगली.

मुलाखत. कंबाइनमधली औपचारिक मुलाखत वीसेक मिनिटांची. टेप लावतात, आणि ती बहुधा वाईट प्लेची असते. "इथे काय झालं?" याचं उत्तर कॉलपासून (त्या डावाला ठरलेल्या बचावापासून) सुरू व्हावं: फ्रंट (बचावाच्या पुढच्या फळीची मांडणी) कुठला, माझा गॅप (समोरच्या दोन खेळाडूंमधली फट) कुठला, माझ्या मागच्या लाइनबॅकरचा (फळीमागच्या बचावपटूचा) गॅप कुठला, मग मी काय चुकलो. दुसऱ्या कुणाची चूक असली तरी आधी स्वतःची जबाबदारी सांगायची. नंतर फळ्यावर दोन-तीन फ्रंट त्यांच्या शब्दांत शिकवतात, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात आणि म्हणतात, आता काढून दाखव. याचा सराव होतो: रोज एका वेगळ्या संघाचा एक फ्रंट घ्यायचा, अकराच्या अकरा जणांची कामं लिहायची, तासाभराने न बघता पुन्हा लिहायची. कॉलेजमध्ये वन-गॅप (एकच फट सांभाळणं) खेळलेल्याला टू-गॅपची (दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळण्याची) भाषा येत नाही, आणि ते पाच मिनिटांत कळतं.

वैद्यकीय भाग लोक विसरतात. जुन्या प्रत्येक दुखापतीचे एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद, फिजिओच्या तारखा एकत्र हव्यात. लपवायचं काहीच नाही, कारण सापडतंच. स्टार लोटुलेलेईला २०१३ च्या कंबाइनमध्ये हृदयाच्या तपासणीमुळे थांबवलं. पुढे तपासण्या होऊन हिरवा कंदील मिळाला आणि पँथर्सने चौदाव्या क्रमांकावर घेतलं. २०१८ मध्ये मॉरिस हर्स्टलाही असंच घरी पाठवलं, तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. खेळ दोघांचाही वरच्या फेरीचा होता.

बॅकअप_नोज:
एजंटचं कुणी लिहिलं नाही. एनएफएल प्लेअर्स असोसिएशनचा प्रमाणित एजंटच घ्यावा. कराराच्या रकमेवर कमिशनची कमाल मर्यादा ३ टक्के आहे, आणि कमी ठरवता येतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या ट्रेनिंगचा, राहण्याचा खर्च बहुधा एजंट करतो. तो खर्च भेट आहे की उसना, आणि एजंट बदलला तर परत करायचा का, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावं. भांडणं नेमकी इथेच होतात.

एप्रिलमध्ये संघ जास्तीत जास्त ३० खेळाडूंना स्वतःच्या इमारतीत बोलावू शकतो. आसपासचे स्थानिक खेळाडू त्यात मोजत नाहीत. चौथ्या-सातव्या फेरीच्या टॅकलला अशा दोन-तीन भेटी मिळाल्या तर उत्तम. कधी कधी बोलावणं फक्त गुडघा पुन्हा तपासायला असतं, तेव्हा हुरळून जाऊ नये.

आणि ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर शनिवारी संध्याकाळी सातवी फेरी संपताच, कधी कधी संपायच्या आधीच, फोन सुरू होतात. निर्णयाला मिनिटंच मिळतात, म्हणून यादी शुक्रवारी रात्रीच तयार हवी. ३२ संघांपैकी कुणाकडे आतल्या फळीत किती टॅकल करारावर आहेत, त्यातले किती तिशीपुढचे, कुणाचा करार याच वर्षी संपतो, आणि संघाने याच ड्राफ्टमध्ये टॅकल घेतलाय का. वन-गॅप खेळणारे संघ वर. कॅम्पमध्ये ९० जण, सीझनला ५३, शिवाय प्रॅक्टिस स्क्वॉडवर (राखीव सराव गटात) १६. बोनसमधल्या काही हजार डॉलरच्या फरकापायी सहा टॅकल आधीच असलेला संघ निवडणं हा तोट्याचा सौदा. ड्राफ्ट झालेल्याचा करार चार वर्षांचा, न झालेल्याचा तीन. म्हणजे टिकला तर दुसरा करार एक वर्ष आधी हातात येऊ शकतो. त्यामुळे सातव्या फेरीत चुकीच्या संघाने घेण्यापेक्षा कुणीच न घेणं बरं, असं एजंट म्हणतात तेव्हा तो नुसता दिलासा नसतो.