भाड्याच्या खोलीत 'आइस'चा संशय: पोरगा कोसळला तर काय करायचं, आणि आत माल बनत असेल तर कसं ओळखायचं?

प्रश्न : मानेवाडा_घरमालक

नागपूरच्या हुडकेश्वर-बेसा पट्ट्यात बरेच जण वरचा मजला शिकणाऱ्या-नोकरीवाल्या मुलांना भाड्यानं देतात. आइस, क्रिस्टल, एमडी ही नावं आता इकडेही कानावर येतात. 'नशा वाईट' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको. जाणकारांकडून तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. नशेत कोणी कोसळलं तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं? खोलीत नुसतं ओढणं चाललंय की बनवणं, हे बाहेरून कळतं का? आणि फोन केला तर त्या पोरावर आणि घरमालकावर काय येतं?

---

तातडी_विभाग_नर्स

पहिल्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तिथे वेळ कमी असतो.

आइस म्हणजे मेथॅम्फेटामाइन, एमडी म्हणजे मेफेड्रोन. पदार्थ वेगळे, पण दोन्ही उत्तेजक, आणि घरी करायचे उपाय तेच. हेरॉइनच्या ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावतो. इथे नाडी, रक्तदाब आणि अंगातली उष्णता अशा तिन्ही गोष्टी वर चढतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर, त्यात स्लॅबखालची बंद खोली, पोरगा दोन रात्री झोपलेला नाही, जेवलेला नाही, पाणीही धड प्यायलेला नाही. अशा वेळी अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. शरीराचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की स्नायू विरघळू लागतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. पुढे झटके, मेंदूत रक्तस्राव, हृदयाची लय बिघडणं.

108 ला फोन करा. 'पोराला चक्कर आली' असं मोघम सांगू नका. काय घेतलं, कधी घेतलं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का, ते सांगा. मग गाडीची वाट पाहत बसू नका, लगेच थंड करायला लागा. कपडे सैल करा किंवा काढा, सुती चादर भिजवून अंगावर टाका आणि कुलर थेट अंगावर सोडा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ओली चादर आणि वारा यांचा परिणाम फार चांगला होतो. चादर सुकली की पुन्हा भिजवा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत, जांघेत, मानेच्या बाजूंना. पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी. गुंगीत असेल तर लिंबू-सरबत वगैरे काहीही तोंडात घालू नका, डाव्या कुशीवर वळवा.

तापाची गोळी देऊ नका. हा संसर्गाचा ताप नव्हे, पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही आणि यकृतावर उगाच भार पडतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चौघांनी मिळून पालथं पाडून छातीवर बसणं, किंवा दोरीनं बांधणं. तो जितका झुंजेल तितका स्नायू तापतो, वरून श्वास दाबला जातो. असे मृत्यू होतात. खोलीतली गर्दी कमी करा, टीव्ही बंद, दिवा मंद, एकाच माणसानं हळू आवाजात बोलावं, दार अडवू नये. झटका आला तर तोंडात चमचा घालू नका, आजूबाजूच्या टोकदार वस्तू तेवढ्या दूर करा.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, 'आयुष्यात असं डोकं दुखलं नाही' अशी तक्रार, यांपैकी काही दिसलं तर वय 20 असलं तरी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात समजूनच न्या. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स, जे जवळ असेल ते. या नशेवर उतारा नाही. तिथे डायझेपाम-लोराझेपाम गटाची औषधं देऊन शांत करतात, सलाइन लावतात, ईसीजी, स्नायूंची हानी दाखवणारं सीपीके आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन बघतात. म्हणून त्याच गोळ्या घरी कोणाच्या डब्यातून काढून देऊ नका. मात्रा चुकली की श्वास थांबतो.

---

रासायनिक_सुरक्षा

दुसरा प्रश्न. ऑगस्ट 2024 मध्ये डीआरआयनं (केंद्राची तस्करी रोखणारी यंत्रणा) आपल्याच पाचपावली भागात मेफेड्रोनचा बेकायदा कारखाना पकडला, 50 किलोहून जास्त माल द्रवरूपात होता. त्यामुळे असलं काही बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यापलीकडेच होतं असं धरून चालू नका.

नुसतं ओढणाऱ्याच्या खोलीत काळवंडलेले काचेचे पाइप, जळके फॉइल, छोट्या झिपच्या पिशव्या सापडतात. बनवणाऱ्याच्या खोलीत वेगळंच चित्र असतं. खिडक्यांना आतून कागद किंवा चिकटपट्टी, थंडीतही रात्रभर चालणारा एक्झॉस्ट, लेबल खरवडलेले कॅन आणि ड्रम, रात्री उशिरा बाहेर जाणारा कचरा, मोरीवर पिवळे-तांबडे डाग, सांडपाण्याच्या वाटेवरचं गवत जळालेलं. वास अमोनियाचा, नेलपॉलिश रिमूव्हरचा, कधी सडक्या मासळीचा किंवा लसणाचा. एका खुणेवरून कोणाला गुन्हेगार ठरवू नका, फर्निचर पॉलिश करणाऱ्याकडेही थिनरचा वास येतोच. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर मात्र थांबू नका.

लसणासारखा वास विशेष सांगतो. तो फॉस्फीन या विषारी वायूचा असू शकतो. हा वायू फुप्फुसात पाणी साठवतो आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस 'मला काही झालं नाही' म्हणत फिरत असतो. दुसरा मोठा धोका आगीचा. सॉल्व्हंटची (थिनरसारख्या द्रवांची) वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि बटणाच्या ठिणगीनंही पेटते.

म्हणून दार उघडलं आणि असं काही दिसलं तर लाइट लावू नका, लागलेली असेल तर बंदही करू नका, पंख्यालाही हात लावू नका. बाटलीचं झाकण उघडून वास घेऊ नका. काही गरम होत असेल तर तेही बंद करायला जाऊ नका, मधेच थांबलेली क्रिया जास्त भडकू शकते. आहात तसे बाहेर पडा, खालच्या मजल्यावरच्यांना बाहेर काढा, दूर जाऊन 112 लावा आणि 'आत रसायनं आहेत' हे आवर्जून सांगा, म्हणजे अग्निशमनवाले तयारीनं येतील. अंगाला काही लागलं असेल तर कपडे काढून किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा.

पोलिसांनी माल नेला म्हणजे खोली राहण्याजोगी झाली असं होत नाही. एक किलो मेथॅम्फेटामाइनमागे साधारण 5 ते 6 किलो विषारी कचरा निघतो, आणि तो बहुधा मोरीत किंवा अंगणात ओतलेला असतो. आवारात विहीर-बोअर असेल तर तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका. गाद्या, उशा, पडदे, कुलरच्या जाळ्या फेकायच्याच, पण महापालिकेला विचारून. भिंती साबणाच्या पाण्यानं अनेकदा धुतल्याशिवाय रंग मारू नका, नाहीतर अवशेष रंगाखालून पुन्हा वर येतात. जमिनीवर रांगणाऱ्या लेकरांना याचा त्रास सगळ्यात जास्त.

---

सिव्हिल_लाइन्स_वकील

तिसरा प्रश्न. इथे लागतो तो अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा, 1985. मेथॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन दोन्हींसाठी अल्प प्रमाण 2 ग्रॅम, व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिकला दहा ते वीस वर्षं आणि कलम 37 मुळे जामीन अतिशय अवघड. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर वजन भेसळीसकट धरतात. 'त्यात अर्धी तर तुरटीच होती' हा बचाव चालत नाही.

पोरासाठी महत्त्वाचं कलम 64-अ. सेवन किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा.

घरमालकावर कलम 25 लागतं ते जाणूनबुजून जागा वापरू दिली तरच. संशय आल्यावर गप्प बसणं हीच तुमच्याविरुद्धची बाजू बनते. भाडेकरार नोंदवा, पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, तक्रार लेखी करून पोच घ्या. नाव न सांगता कळवायचं असेल तर एनसीबीची (केंद्राचा अमली पदार्थविरोधी विभाग) 1933 मानस हेल्पलाइन आहे.

---

व्यसनमुक्ती_समुपदेशक

भाऊ, दवाखान्यातून सुटल्यावरचे दहा-पंधरा दिवस कोणी विचारतच नाही. पहिले दोन-तीन दिवस पोरगा नुसता झोपतो आणि खातो. घरच्यांना वाटतं, सुटला. त्यानंतर खोल उदासी येते, कशातच गोडी वाटत नाही, आणि आत्महत्येचा धोका याच काळात असतो. त्याला एकटं ठेवू नका. 'माझ्यावर पाळत आहे', 'अंगावर किडे चालतात' असं म्हणत असेल तर वाद घालू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो, काहींचा महिनोन्‌महिने टिकतो.

दारू किंवा हेरॉइनच्या व्यसनावर असते तशी ठरलेली गोळी या व्यसनावर नाही. समुपदेशन, आणि तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं ठोस बक्षीस, ही पद्धत सगळ्यात जास्त टिकलेली आहे. 14446 वर व्यसनमुक्तीची माहिती मिळते, मनाच्या तातडीसाठी टेलिमानस 14416. साखळीनं बांधणारी, मारहाण करणारी केंद्रं टाळा.

---

मानेवाडा_घरमालक

सगळ्यांचे मनापासून आभार. मेडिकल स्टोअरमधली लघवीची पट्टी आणून आईबापांनी घरीच तपासावं का?

---

तातडी_विभाग_नर्स

एकट्या पट्टीवर विसंबू नका. मेथॅम्फेटामाइन शेवटच्या सेवनानंतर साधारण दोन-चार दिवस पट्टीत दिसतं, पण स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळीनंही ती चुकून पॉझिटिव्ह येते. आणि नेहमीच्या पट्टीत मेफेड्रोन बहुधा दिसतच नाही, म्हणजे एमडी घेणारा निगेटिव्ह येऊ शकतो. खात्री करायची तर प्रयोगशाळेत जीसी-एमएस ही पदार्थ नेमका ओळखणारी तपासणी, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि पोराला सांगून.