पोहणं की आर्किटेक्चर? ऑलिम्पिकवाल्या त्या माणसाबद्दल कोणाला माहितीय का

भुसावळचा_काका
पुतण्या बारावीला आहे, तापीकाठी वाढलेलं पोरगं, पोहण्यात स्टेटपर्यंत जाऊन आला आणि आता आर्किटेक्चरला जायचं म्हणतो. घरात सगळे म्हणताय पोहणं बंद कर अन् नाटाचा (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास कर. कोणीतरी सांगितलं की पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये पोहण्यात जिंकलेला एक जण पुढे आर्किटेक्ट झाला. खरंय का भो?

गिरणाकाठ
खरंय. हंगेरीचा अल्फ्रेड हायोश. १८९६ ला अथेन्सला १०० मीटर आणि १२०० मीटर दोन्ही जिंकला तेव्हा वय १८, आणि बुडापेस्टला आर्किटेक्चरच शिकत होता. स्विमिंग पूल वगैरे काही नाही, सरळ समुद्रात, बोटीने आत नेऊन सोडलं आणि तिथून पोहत किनाऱ्याला यायचं. पाणी १३ अंशांच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे विहिरीत उडी मारली की पाणी कोमट लागतं, त्यावरून अंदाज नाही यायचा. अंगाला चरबीचा जाड थर चोपडला होता तरी गारठला, नंतर त्यानेच सांगितलंय की जिंकण्यापेक्षा जिवंत राहायची ओढ जास्त होती. आणि परत कॉलेजात आला तर डीन म्हणे तुझ्या मेडलशी मला घेणंदेणं नाही, परीक्षेत काय उत्तरं देतो ते बघायचंय.

शिरपूरकर
नुसतं पोहणं नाही भाऊ, धावणं, अडथळा शर्यत, थाळीफेक यातपण हंगेरीचा चॅम्पियन, आणि १९०२ ला ऑस्ट्रियाविरुद्ध देशाच्या पहिल्या फुटबॉल मॅचमध्ये फॉरवर्ड. १९२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आर्किटेक्चरचीपण स्पर्धा होती, त्यात स्टेडियमच्या प्लॅनला सिल्व्हर, देझ्यो लाउबरसोबत. गोल्ड कोणालाच दिलं नव्हतं.

गिरणाकाठ
एक राहिलं. तो १३ वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून गेले, त्यानंतर हा जिद्दीने पोहायला लागला. मूळ आडनाव गुटमान, हायोश हे पोहताना घेतलेलं नाव, हंगेरीत त्याचा अर्थ खलाशी. आणि १९३० ला त्याच डॅन्यूबमधल्या मार्गारेट बेटावर स्विमिंग पूलची मोठी इमारत त्यानेच बांधली, आजपण तिथे पोहतात लोक, आता नावपण त्याचंच आहे. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही मला, आमच्या गावात गिरणेत गेलेली माणसं आठवली.

भुसावळचा_काका
पुतण्याला सगळं वाचून दाखवलं, त्याच्या आईलापण. दोघं गप्प होते. आता तो त्या पूलच्या इमारतीचे फोटो शोधतोय, नाटाच्या प्रॅक्टिसला स्केच काढायचं म्हणतो. आतून काढलेला चांगला फोटो असेल कोणाकडे तर टाका ना.