उत्तर: युनिट टेस्ट हिरव्या असताना सिनॅरिओ कशाला?

"प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे पास झालं असेल तर सिनॅरिओ टेस्टिंग म्हणजे दुबार काम," हे या चर्चेत आलेलं मत अर्धंच पटलं. (युनिट टेस्ट म्हणजे एकेक भाग सुटा तपासणं; सिनॅरिओ टेस्टिंग म्हणजे वापराचा पूर्ण प्रसंग सगळ्या भागांसकट चालवून बघणं.) दुबार काम होतं खरं, पण लॉगिन-लॉगआउटसारखे गुळगुळीत सिनॅरिओ लिहिले तर. एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं उदाहरण इथे अजून कोणी दिलेलं दिसत नाही. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात इंजिन पेटल्यावर सुमारे ३७ सेकंदांत यान भरकटलं आणि नष्ट झालं. दिशा-स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ रॉकेटवरून जसंच्या तसं उचललेलं. नव्या यानाचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त होता, त्यामुळे त्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि ती यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. (गंमत म्हणजे गणिताचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता!)

आता मुद्द्याचं. दिशा-स्थिती मोजणारं ते उपकरण स्वतंत्रपणे तपासून पास झालेलं होतं. म्हणूनच पूर्ण प्रणालीच्या सिम्युलेशनमध्ये खऱ्या उपकरणाऐवजी त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर बसवलं, आपल्या भाषेत मॉक. एरियन ५ चा खरा उड्डाणमार्ग त्या उपकरणाला कधी दाखवलाच नाही. अपघातानंतर तो मार्ग घालून सिम्युलेशन केलं, तर बिघाड जसाच्या तसा समोर आला. म्हणून माझ्या टीममध्ये मी एवढंच बघतो: सिनॅरिओतला डेटा नव्या वापराचा आहे की जुन्या सिस्टिममधून कॉपी केलेला?