‘फॉल्स कन्फेशन’साठी ‘खोटा कबुलीजबाब’ पुरेसा आहे का?

अक्षरवेडी
न उलगडलेल्या खुनांच्या तपासावरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘फॉल्स कन्फेशन’ला ‘खोटा कबुलीजबाब’ लिहिलं, तर आरोपी खोटं बोलून सुटू पाहतोय असा वास येतो. इथे तर उलट आहे, न केलेला खून माणूस ‘मीच केला’ म्हणतोय. शिवाय जबाब, कबुली, कबुलीजबाब हे सरमिसळ वापरले तर चालतील का?

कलमबहाद्दर
नाही चालणार. पोलिसांनी नोंदवलेलं कुणाचंही म्हणणं म्हणजे जबाब. त्यात फिर्यादी आला, शेजारी आला. ‘त्या रात्री मी तिथे होतो’ ही कबुली. ‘मी मारलं’ हा कबुलीजबाब. बातम्यांत ‘आरोपीने पोलिसांसमोर कबुलीजबाब दिला’ असं ठोकून देतात आणि वाचणारा समजतो, झालं, खटला संपला. आपल्याकडे मकोकासारखे विशेष कायदे सोडले, तर पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्याच्या सांगण्यावरून हत्यार वगैरे निघालं, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला तेवढाच भाग घेता येतो. त्यामुळे पोलिसांपुढचं असेल तर ‘गुन्हा केल्याचं सांगितलं’ एवढंच लिहावं.

पंचनामा
मूळ शब्दाचं म्हणाल, तर एका शब्दात भागणार नाही. कॅसिन आणि राइट्समन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये याचे तीन प्रकार केले आणि तपासाच्या दृष्टीने ते वेगवेगळे हाताळावे लागतात.

पहिल्यात माणूस आपणहून येतो. प्रसिद्धीचा हव्यास, अपराधगंडाचा भ्रम किंवा घरच्या कुणाला वाचवणं. याला मराठीत आयता वाक्प्रचार आहे, ‘गुन्हा अंगावर घेणे’.

दुसऱ्यात माणसाला ठाऊक असतं की आपण काही केलेलं नाही, पण चौकशी थांबावी म्हणून तो मान्य करतो. ‘वदवलेला कबुलीजबाब’ म्हणा. इंग्लंडमधलं स्टेफन किश्को प्रकरण याचा नमुना आहे. १९७५ चा खून. सही केली की घरी जाता येईल, पुढे पुरावे आपल्याला सोडवतीलच, असा त्याचा हिशेब होता. खून झालेल्या मुलीच्या कपड्यांवरच्या वीर्यात शुक्राणू होते आणि किश्कोच्या वीर्यात ते नव्हते, म्हणजे सुटका हातातच होती. पण ही बाब ज्यूरीपुढे आलीच नाही. १६ वर्षं तुरुंगात गेली, १९९२ मध्ये तो निर्दोष ठरला आणि खरा खुनी डीएनएवरून २००७ मध्ये दोषी ठरला.

तिसऱ्यात माणसाला स्वतःलाच पटतं की आपणच केलं. थकवा, औषधं, ‘तुझ्या स्मृतीने ते दाबून टाकलंय’ असं पुन्हा पुन्हा सांगणं, यातून ते घडतं. याला मराठीत शब्द सापडत नाही.

अक्षरवेडी
‘पटवलेला’ कसा वाटतो?

पंचनामा
‘पटवणे’ला दुसराच रंग आहे, वाचणारा हसेल. मी ‘भिनलेला कबुलीजबाब’ सुचवेन. बाहेरून आलं आणि आत मुरलं, दोन्ही त्यात येतं.

ठसेतज्ज्ञ
‘भिनलेला’ पसंत. पण तुमचा विषय न उलगडलेले खून आहे, तर खरी गरज आणखी दोन शब्दांची आहे.

एक, जो तपशील फक्त खुन्याला आणि तपास करणाऱ्यांना माहीत असतो आणि मुद्दाम बाहेर सोडलेला नसतो, तो. मी ‘राखीव तपशील’ म्हणतो. गाठ कशी मारली होती, कोणती वस्तू जागेवरून नाहीशी होती, दार कोणत्या बाजूने लावलं होतं, असे. ही यादी संशयित सापडण्याआधी, तारीख घालून कागदावर असली पाहिजे. नंतर केलेल्या यादीला किंमत नाही, कारण मग कबुलीत जे आलं तेच राखीव होतं असं म्हणण्याचा मोह होतो.

दुसरा, हा तपशील चौकशी करणाऱ्याच्याच तोंडून संशयिताकडे जाणं. याला ‘झिरपणे’ म्हणावं. ‘फुटणे’ नको, ते पेपर फुटण्यासारखं मुद्दाम केलेलं वाटतं. झिरपणं बहुधा नकळत होतं. ‘चाकू कुठे टाकलास?’ या एका प्रश्नात हत्यार चाकू होतं हे सांगून झालं. घटनास्थळाचा फोटो पुढे सरकवला, की खोलीची रचना गेली. चुकीचं उत्तर आलं की ‘नीट आठव’ आणि बरोबर आलं की चहा, एवढ्यानेही दिशा कळते. शेवटी लिहून काढलेला कबुलीजबाब इतका नेमका असतो, की ‘हे खुन्याशिवाय कुणाला माहीत असणार?’ असं न्यायाधीशालाही वाटतं. म्हणून रेकॉर्डिंग पहिल्या प्रश्नापासून हवं. फक्त शेवटची कबुली टिपली, तर झिरपलं कुठे ते दिसतच नाही.

कलमबहाद्दर
‘उकल’ या शब्दाचंही बघा. खुनी सापडला तर उकल, की कुणी मान्य केलं तरी उकल?

ठसेतज्ज्ञ
सगळं नुकसान तिथेच आहे. अमेरिकेत हेन्री ली लुकास १९८३ मध्ये पकडला गेला आणि शेकडो खून सांगत सुटला. गावोगावचे पोलीस फाइली घेऊन टेक्ससमध्ये त्याच्याकडे येत. त्या भरवशावर दोनशेहून जास्त खून उलगडले असं धरलं गेलं. मग १९८६ मध्ये टेक्ससच्या महान्यायवादींच्या अहवालाने त्याचा ठावठिकाणा तारखांशी ताडून पाहिला, तर गणित जुळेना. ज्या खुनासाठी त्याला फाशी सुनावली, त्या वेळी तो फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी होत्या. १९९८ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. त्या खुनात बळी गेलेल्या बाईची ओळख पटायला २०१९ उजाडलं.

स्वीडनचा स्टुरे बेरग्वाल तर आठ खुनांत दोषी ठरला. मनोरुग्णालयात जबरदस्त गोळ्यांवर होता. २००८ मध्ये त्याने सगळं नाकारलं, २०१३ पर्यंत आठही निकाल रद्द झाले. त्याने दाखवलेल्या जागी सापडलेला ‘हाडाचा तुकडा’ हाड नव्हताच.

अशा वेळी फाइल मिटते म्हणजे काय होतं? साक्षीदारांना पुन्हा कुणी विचारत नाही. नमुने नष्ट करायला परवानगी मिळते. दुसऱ्या संशयिताची ‘मी त्या दिवशी तिकडे होतो’ ही बाजू तपासायला कागदच उरत नाहीत. आणि एकाच खुन्याची प्रकरणं जोडताना मधली एक कडी चुकीच्या नावावर गेलेली असते, म्हणून माळ जुळत नाही. ‘तपास न लागलेला’ खून निदान यादीत तरी असतो, हा यादीतूनच बाहेर पडतो. म्हणून माझ्या मते ‘उकल’ हा शब्द बाहेरचा पुरावा जुळल्यावरच वापरावा. तोवर ‘कबुलीवर मिटवलेलं प्रकरण’ म्हणावं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे कडू लागेल, पण शब्द चपखल आहे.

अक्षरवेडी
शेवटचं. नंतर नाकारलं तर ‘आरोपी फिरला’ की ‘कबुलीजबाब मागे घेतला’?

कलमबहाद्दर
‘मागे घेतला’. ‘फिरला’ साक्षीदारासाठी ठेवा. त्यात आधीचं खरं होतं हे गृहीत धरलेलं असतं, आणि इथे तर प्रश्नच तो आहे.